चिंचोके कुठल्या ओळीत जास्त?

सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला विचारा, जास्त कुठे? ‘सारखेच.’ आता त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतले चिंचोके लांब लांब सरकवा आणि पुन्हा विचारा. बोट थेट लांब ओळीवर! ‘ह्यात जास्त!’ माझ्या भाचीने अगदी असंच केलं, तेही इतक्या ठामपणे, की तेव्हापासून मला दुसरं काही सुचतच नाहीये.

हा प्रयोग ज्याँ पियाजे यांचा. स्वित्झर्लंडचा हा माणूस मुळात शंख-शिंपल्यांचा अभ्यासक! १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांचं काम त्यांच्याकडे आलं. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच खरं तर काम. पण ते रमले चुकलेल्या उत्तरांत. कारण एका वयाची मुलं एकसारखीच चुकत होती! म्हणजे ही चूक धांदरटपणाची नव्हे, तिच्यामागे विचार आहे, स्वतःची एक रीत आहे. केवढी मोठी गोष्ट ही! आपण फुली मारून पुढे जातो, तिथे हा माणूस आयुष्यभर थांबला.

आणि खरी गंमत तर पुढेच. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रयोग केला, फक्त ओळ विस्कटायला आणला एक खट्याळ टेडी. डब्यातून तो बाहेर येतो, धुडगूस घालतो, ओळ बिघडवतो. मग तोच प्रश्न. आता निम्म्याहून जास्त मुलं म्हणाली, सारखेच!

हे वाचून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. मोठं माणूस मुद्दाम हात लावतं, तोच प्रश्न पुन्हा विचारतं, म्हणजे काहीतरी बदललं असणार, असं मूल धरून चालतं. वर्गात बाईंनी ‘नक्की?’ म्हटलं की आपणही उत्तर फिरवायचोच ना! मूल चिंचोक्यांपेक्षा विचारणाऱ्याच्या मनाचा ठाव घेत होतं. टेडीच्या प्रयोगावरही पुढे वाद झाले, आणि व्हायलाच हवेत. पण प्रश्न कोण विचारतं, कसा विचारतं, याने उत्तर बदलतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

पियाजेंनी मुलांना आणखी काय काय विचारलं होतं! चंद्र आपल्याबरोबर चालतो का? वारा जिवंत आहे का? स्वप्न कुठे असतं? लहान मुलं सांगत, स्वप्न खोलीतच असतं, समोर. तुमच्या घरात चार वर्षांचं कुणी असेल तर आजच विचारा, आणि उत्तर आलं की मध्ये बोलू नका.