मिरीचे पैसे, शेणाची टोपली

मसाल्याच्या डब्यात मिरीची वाटी सगळ्यात लहान. पापडाच्या पिठात, सर्दीच्या काढ्यात आणि पाहुणे आले तर पुलावात, इतकाच तिचा मान. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, तोवर आपल्या स्वयंपाकाला तिखटपणा या मिरीनेच येत होता, हे आपण विसरलो. मिरचीने तिचं नावसुद्धा घेतलं!

पण कोकणातल्या वाडीवाल्या घरांत मिरीला अजून वेगळी किंमत आहे. आमचं सासर दापोली तालुक्यात, समुद्राकाठच्या गावी. मी दापोलीला राहते, अर्धवेळ शाळेत शिकवते आणि रविवारी एस.टी.ने वाडीत जाते. वाडी सांभाळतात त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. नारळ आणि सुपारीचा हिशेब पुरुषांकडे, मिरीचे पैसे मात्र घरातल्या बाईचे, अशी आमच्याकडे सासूबाईंच्या सासूपासूनची रीत. पोफळीवर चढवलेल्या वेलांची मिरी काढायची, वाळवायची, विकायची आणि पैसे कोणाला न विचारता खर्च करायचे. नणंदेची पाटली आणि थोरल्या पुतणीच्या कॉलेजची पहिली फी त्यातूनच निघाली.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या आणि त्यांच्या अंगावरचे जुने वेलही त्यांच्याबरोबर गेले. नव्या पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं तरी हवीत. म्हणून जाऊबाईंनी गिरिपुष्पाचे खुंट रोवून घेतले आणि २०२१ च्या पावसाळ्यात त्यांच्या पायथ्याशी पन्नियूर-१ जातीची साठ रोपं लावली. ही केरळची जात, १९७१ साली निघालेली. घोस लांब, दाणा टपोरा.

पहिलं वर्ष बरं गेलं. भाऊजींनी युरिया दिला, वेल तरारले. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र पानांवर काळे डाग पडले, बुंधे जमिनीलगत काळे होऊन कुजले आणि पंधरा-वीस दिवसांत उभे वेल मान टाकून बसले. याला जलद मर म्हणतात. साठांतले वीस वेल गेले. युरियाने मर झाली असं मी म्हणणार नाही. वादळात पडलेल्या झाडांच्या खड्ड्यांत पाणी साचत होतं आणि हा रोग पाण्याबरोबरच पसरतो. पण जाऊबाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "माझे पैसे कुजले गं."

तेव्हापासून आम्ही दोघी मिरीच्या खाण्यापिण्याकडे बारकाईने पाहायला लागलो. दापोलीला कृषी विद्यापीठ असल्याचा फायदा हा, की विचारायला लांब जावं लागत नाही. मिरी मूळची जंगलातली. तिची खाणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच, कुजक्या पाल्यात पसरलेली असतात. म्हणून तिचं आळं कुदळीने खणायचं नाही. बुंध्यापासून फूटभर सोडून मातीवर गोल खत पसरायचं, हाताने हलकं मिसळायचं आणि वर पाचोळा अंथरायचा. वाढलेल्या वेलाला वर्षाला दहा किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड लागते. पेंडीने मुळांना त्रास देणाऱ्या सूत्रकृमींनाही आळा बसतो. शिवाय चुलीतली राख. मिरीला पालाश भरपूर हवं, ते राखेत असतं, आणि आपली तांबडी माती आंबट, तिलाही राख मानवते. आंबटपणा फारच असेल तर एक वर्षाआड पावसाआधी अर्धा किलो चुना.

'कुजलेलं' हा शब्द महत्त्वाचा! गायरीतलं वरचं ओलं शेण उचलून घातलं तर ते वेलाच्या पायाशीच तापतं. चांगलं खत हातात घेतलं की भुसभुशीत लागतं, त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. शेणाचा वास आला तर अजून दोन महिने थांबावं.

आता जैविक खतांविषयी. हल्ली दुकानात पाकिटांची गर्दी असते, पण ती सगळी एका कामाची नाहीत. अ‍ॅझोस्पिरिलम हे जिवाणू हवेतला नत्र धरतात, काही जिवाणू मातीत अडकलेलं स्फुरद विरघळवतात. ट्रायकोडर्मा हे खत नव्हेच. ती एक उपकारक बुरशी आहे, मर आणणाऱ्या बुरशीवर मात करणारी. आम्हांला तिचाच सर्वांत उपयोग झाला. ती वापरायची रीत दह्याच्या विरजणासारखी आहे. नव्वद किलो कुजलेलं शेणखत, दहा किलो निंबोळी पेंड आणि किलो-दोन किलो ट्रायकोडर्मा सावलीत एकत्र करायचं, हाताला ओल लागेल इतपतच पाणी शिंपडायचं, गोणपाटाने झाकायचं. चार-पाच दिवसांनी ढीग वर-खाली करायचा. पंधरा दिवसांत सगळ्या ढिगात पांढुरकी-हिरवट बुरशी चढते. 'बुरसलं, फेकून द्या' असं घरातलं कोणीतरी म्हणतंच, तिकडे लक्ष देऊ नये.

विरजण जिवंत हवं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरी एका दुकानात मी ही पाकिटं भर उन्हात, पत्र्याखाली मांडलेली पाहिली. असल्या पाकिटात भुकटी असते, जीव नसतो. तारीख पाहून घ्यावी आणि थंड जागी ठेवावी. आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण ज्या बुंध्याशी ओतलं, तिथे त्याच आठवड्यात ट्रायकोडर्मा घालू नये. मोरचूद बऱ्या-वाईट बुरशीत फरक करत नाही. दोन-तीन आठवडे मधे जाऊ द्यावेत. बोर्डो वापरलं म्हणून सेंद्रियपणा बाटला असं मात्र नाही, त्या शेतीच्या नियमांतही त्याला मर्यादित मुभा आहे.

आम्ही पाण्याला चर काढून दिले, जमिनीवर लोळणारे धावते फुटवे पावसाआधी कापले आणि हे खत मे अखेरीस एकदा, गणपतीच्या सुमारास एकदा, असं घालायला लागलो. उरलेले चाळीस वेल टिकले. गेल्या हंगामात चोवीस किलो वाळलेली मिरी निघाली.

भाऊजी खुशीत येऊन सगळ्यांना सांगायला लागले, "घरचंच खत, खर्च शून्य!" मला ते काही केल्या पचेना. मी शाळेच्या जुन्या वहीत मांडणी केली. चाळीस वेलांना दहा किलोप्रमाणे चारशे किलो खत. गायरीपासून वाडीच्या टोकापर्यंत चाळीस फेऱ्या, डोक्यावर टोपली. पाला गोळा करणं, ढीग फिरवणं, पाचोळा अंथरणं, रोजचं शेण काढणं तर मी धरलंच नाही. तरी पूर्ण दिवसाचे सोळा दिवस भरले. गावात बाईला मिळते त्या दराने मजुरी लावली, तर मिरीच्या पैशांतला जवळजवळ तिसरा हिस्सा! युरियाची गोण विकत आणली की तिची पावती असते, जाऊबाईंच्या मानेची पावती कोण देणार? मी वही भाऊजींपुढे ठेवली. ते बराच वेळ वाचत होते. बोलले काहीच नाहीत, पण गणपतीच्या खताला एक गडी आला आणि त्याची मजुरी सुपारीच्या हिशेबात लागली.

जाऊबाई मला म्हणाल्या, "तू उगाच लिहीत बसलीस, आपलंच तर काम." मग हळूच, "ती वही माझ्याकडे राहू दे."

ज्यांना वाडी नाही, त्यांनी गॅलरीत झुडूप मिरी लावून पाहावी. वेलाच्या आडव्या, फळणाऱ्या फांदीपासून केलेलं रोप वर चढत नाही, कुंडीतच झुडपासारखं राहतं. रोपवाटिकेत तसं सांगूनच मागावं, नाहीतर साधा वेल हातात पडतो. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. कुंडीला भोक मोठं. ऊन सकाळचं, तेही कोवळं. दोन-तीन महिन्यांनी चमचा-दोन चमचे निंबोळी पेंड आणि ओंजळभर गांडूळखत पुरे. घोसातला एखादा दाणा लाल झाला की घोस खुडावा, दाणे सुटे करून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवावेत आणि उन्हात घालावेत. काळेभोर होतात. तीन किलो ओल्या मिरीची साधारण किलोभरच वाळलेली उरते, तेव्हा कुंडीतली मिरी वाटीच्या तळाशी बसेल एवढीच. पण त्या आठवड्याच्या पापडाच्या पिठाला ती पुरते.