थंडीत कोंबड्यांचं पाणी

उन्हाळ्यात पाण्याची आठवण कोंबड्याच करून देतात. दुपारपर्यंत भांडं कोरडं पडतं, चोची उघड्या टाकून त्या मागच्या दाराशी येतात आणि भरायला उचललेलं भांडं आपोआप विसळलं जातं. थंडीत तसं होत नाही. सकाळी ओतलेलं पाणी संध्याकाळीही जवळपास तेवढंच दिसतं. म्हणून परसातल्या कोंबड्या पाळताना थंडीचे महिने मला जास्त जागरूक ठेवतात.

आमचं घर भिवंडीच्या कडेला, यंत्रमागांच्या गाळ्यांमागे. कोंबड्या थोड्या गावठी, थोड्या गिरिराज. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास येतो, त्यामुळे पाणी गोठण्याचा प्रश्नच नाही. इथला त्रास आहे धुळीचा. पाऊस संपला की गोदामांकडे जाणाऱ्या ट्रेलरांचा धुरळा दिवसभर उडतो आणि मागांवरून सुटलेले कापसाचे बारीक तंतू त्यात मिसळतात. तासा-दोन तासांत पाण्यावर राखाडी साय धरते. त्यात कोंबड्या माती उकरतात, खाता खाता चोचीतला कोंडा पाण्यात सोडतात. दोन दिवस भांडं तसंच राहिलं की तळ बुळबुळीत होतो.

सासूबाईंची परीक्षा साधी असते. भांड्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवायचं. बोट सरकलं की म्हणतात, "भरलेलं दिसतंय म्हणून पाणी चांगलं हाय असं नाय. ओत आणि घास." घासायला नारळाची काथ आणि चुलीतली राख. साबण आम्ही वापरत नाही, कारण तो नीट निघाला नाही तर पाण्याला वास राहतो.

अंड्यावरची कोंबडी साध्या हवेत दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, खाल्लेल्या दाण्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट. कवचाआतल्या अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतं. थंडीत तहान कमी, त्यात पाणी गारढोण किंवा घाण असेल तर कोंबडी चोच बुडवून निघून जाते. पाणी कमी झालं की दाणाही कमी खाल्ला जातो.

गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी रात्रभरात फार गार होतं. विहिरीचं मात्र पहाटे हाताला कोमट लागतं. त्यामुळे सकाळचं पहिलं पाणी मी विहिरीतून शेंदते. विहिरीत वेळच्या वेळी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर टाकलेली असते. कामवारी नदी जवळ असली तरी तिचं किंवा डबक्यातलं पाणी कोंबड्यांना देत नाही. कारखान्यांचं सांडपाणी नदीत कुठून आणि किती मिसळलं, ते डोळ्यांना कळत नाही.

भांडंही घरीच केलं. तेलाच्या रिकाम्या कॅनला तळाजवळ एक भोक पाडलं आणि तो उथळ थाळीत उभा ठेवला. भोक थाळीच्या काठापेक्षा खाली हवं आणि कॅनचं झाकण घट्ट हवं. थाळीतलं पाणी भोकाखाली गेलं की हवा आत शिरते आणि पाणी बाहेर येतं. भोक बुडालं की थांबतं. थाळी अरुंद असल्याने कोंबडीला तिच्यात पाय घालता येत नाही. खाली विटा रचून ती कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणली की उकरलेली मातीही आत पडत नाही. पिल्लांची थाळी वेगळी आणि बुटकी. थंडीत एखादीचं नाक गळू लागलं तर आधी तिचं पाणी वेगळं करते, कारण सर्दी एका थाळीतूनही सगळ्यांना लागू शकते.

थाळी छपराखाली असते, पण सकाळचं ऊन पोचेल अशा बाजूला. उघड्यावर ठेवली तर कावळे, बगळे येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आढळला आणि हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. रानपक्ष्यांच्या विष्ठेतून हा विषाणू पाण्यात उतरू शकतो, हे तेव्हापासून आमच्या आळीत कुणाला समजवावं लागत नाही. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की उरलेलं पाणी केळीच्या बुंध्यात ओतते आणि भांडं पालथं घालते. अंधारात त्या पीत नाहीत. रात्रभर पाणी ठेवलं तर ते घुशी-उंदरांच्याच कामाला येतं.

एका दिवशी मात्र हा सगळा नेम बदलतो. मानमोडीची लसोटा लस पाण्यातून द्यायची असते तेव्हा नळाचं पाणी चालत नाही, कारण क्लोरीनने लसीतला जिवंत विषाणू मरतो. टीसीएल नुकतीच टाकलेली असेल तर विहिरीचंही नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस बर्फात घालून आणते, कोंबड्यांना दोनेक तास पाणी बंद ठेवते आणि मग साय नसलेल्या दुधाची थोडी पावडर मिसळलेल्या पाण्यात लस देते. ते पाणी तास-दोन तासांत संपायला हवं, म्हणून थाळ्या जास्त मांडते. त्या दिवशी भांडी फक्त साध्या पाण्याने धुवायची.

शेजारच्या मावशी दर थंडीत विचारतात, अंडी कमी झाली, पाण्यात कुठलं औषध टाकू? मी सांगते, औषध नको. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचाच असतो आणि उजेड कमी झाला की कोंबडीचं अंडं लांबतं. स्वच्छ पाण्याने दिवस मोठा होत नाही. पण ज्या कोंबड्या नीट पितात, नीट खातात, त्या थंडीत खंगत नाहीत आणि फेब्रुवारीत दिवस वाढू लागला की अंड्यावर लवकर येतात. मावशींनी औषधाचे पैसे वाचवून दुसरी थाळी घेतली. एक धुऊन उन्हात असते तेव्हा दुसरी वापरात.