फांद्यांची मोजदाद

गॉल्जी पद्धतीनं रंगवलेल्या मेंदूच्या कापात शंभरातल्या जेमतेम दोन-चार पेशी काळ्या होतात. बाकीच्या तिथेच असतात, पण दिसत नाहीत. नेमक्या त्याच पेशींनी रंग का धरावा, हे कोडं दीडशे वर्षांत पुरतं सुटलेलं नाही. कॅमिलो गॉल्जीला ही पद्धत १८७३च्या सुमारास सापडली. तेव्हा तो मिलानजवळच्या अब्बियातेग्रासो गावातल्या एका रुग्णालयात डॉक्टर होता आणि तिथल्याच एका स्वयंपाकघरात त्यानं आपली प्रयोगशाळा थाटली होती. पद्धतीचा हा अर्धवटपणा आमच्या पथ्यावर पडतो. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर भिंगाखाली घाणेरीच्या रानासारखी नुसती जाळी दिसली असती आणि कुठली फांदी कुणाची हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

माझं काम ताणाचं. ताणातून गेलेल्या आणि न गेलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या चेतापेशींच्या फांद्या कुठे वाढल्या, कुठे आखडल्या, हे मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं. उंदराचा मेंदू अवघा दोन ग्रॅमचा. तो पारा आणि क्रोमियमच्या क्षारांच्या पिवळ्याजर्द द्रावणात दोन-तीन आठवडे अंधारात ठेवायचा. घाई केली तर फांद्यांची टोकं कोरी राहतात, आणि जास्त मुरू दिला तर कापताना मेंदू ठिसूळ होऊन तडकतो. काप साधारण सव्वाशे मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. चार केसांच्या कुंचल्यानं उचलून ते काचपट्टीवर पसरायचे, मग अमोनियात बुडवायचे. अमोनियानं डोळे चुरचुरतात. नवीन आलेली मुलं त्या दिवशी हमखास काहीतरी कारण काढून बाहेर जातात.

खरी गंमत यानंतर सुरू होते. पेशी सपाट नसते. एखादी फांदी कापाच्या पोटात शिरते, मध्येच दिसेनाशी होते आणि फोकसचं चाक किंचित फिरवलं की पुन्हा वर येते. डावा हात चाकावर, उजव्या हातात पेन्सिल. भिंगातून दिसणारी पेशी कागदावर पाडून दाखवणारी जुनी लोलकाची जोडणी आमच्याकडे अजून आहे. आता संगणकावरही हेच काम होतं, पण तिथेही फांदीमागून बोट आपल्यालाच न्यावं लागतं. पेशी कोणती घ्यायची याचे नियम आधीच लिहून ठेवलेले असतात: फांद्या कापाच्या कडेला तुटलेल्या नकोत, रंग टोकापर्यंत पोचलेला हवा, शेजारणीशी गुंता नको. काचपट्टीवरची मूळ चिठ्ठी दुसऱ्याच कुणीतरी झाकून त्यावर नुसता आकडा टाकलेला असतो. ताण दिलेला उंदीर कोणता, हे चित्र काढणाऱ्याला कळताच कामा नये. कळलं तर मन ‘बघ, ही आखडलेली दिसतेय’ असं म्हणू लागतं, आणि मनाला जे हवं ते हात चोख काढून देतो. चित्र पुरं झालं की पेशीच्या मध्यापासून ठरावीक अंतरावर वर्तुळं आखायची आणि प्रत्येक वर्तुळाला किती फांद्या छेदतात ते मोजायचं. डोनाल्ड शोल यांनी १९५३ साली सुचवलेली ही मोजणी आजही तशीच चालते. एका पेशीचं चित्र काहीच सांगत नाही. निरोगी उंदरातही किरकोळ पेशी असतात आणि ताणलेल्या उंदरातही डेरेदार. फरक दिसतो तो सरासरीत.

या सरासरीतून मिळालेली पहिली मोठी बातमी आखडण्याची होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकएवेन यांच्या गटानं १९९२मध्ये दाखवलं, की तीन आठवडे रोज काही तास उंदराला जखडून ठेवलं तर हिप्पोकॅम्पसच्या सीए-थ्री भागातल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे ‘कधी, कुठे, काय झालं’ ही स्मृती बांधणारा भाग. त्यामुळे चित्र लोकांच्या मनात चटकन बसलं: ताणानं मेंदू झिजतो.

दुसरी बातमी बेंगळुरूहून आली. २००२मध्ये राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या, म्हणजे एनसीबीएसमधल्या, सुमंत्र चट्टर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवलं आणि हिप्पोकॅम्पसबरोबर अमिग्डलाही पाहिला. भीतीचं खातं बऱ्याच अंशी अमिग्डलाकडे असतं. तिथल्या पेशी आखडल्या नव्हत्या, वाढल्या होत्या. फांद्या लांबल्या होत्या, नवे फाटे फुटले होते. ताण तोच, आणि मेंदूच्या दोन शेजारी भागांत परिणाम उलटसुलट. २००४मध्ये त्याच प्रयोगशाळेतून पुढचा शोधनिबंध आला. ताण थांबवून उंदरांना एकवीस दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या ताण सरल्यावर पूर्ववत होतात हे एव्हाना माहीत झालं होतं. अमिग्डलातली वाढ मात्र एकवीस दिवसांनीही तशीच होती, आणि उंदीर तितकेच धास्तावलेले होते.

माझ्या कामाची दिशा या निकालानं ठरवली. नैराश्याबद्दल किंवा आघाताबद्दल बोलताना आपण सारखं काय गेलं तेच मोजतो: उत्साह गेला, झोप गेली, रसायन कमी पडलं. इथे मात्र काहीतरी कमावलेलं दिसत होतं. मेंदूनं धोक्याची नोंद ठेवण्यासाठी जादा फांद्या उभारल्या होत्या आणि काम संपल्यावर त्या उतरवायला तो तयार नव्हता. तेव्हा ‘झिजलेलं भरून काढा’ एवढ्यावर उपचार संपत नाही. वाढलेल्याचं काय करायचं, हा वेगळाच प्रश्न आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड.

एकाच आघाताचा हिशेब आणखी चमत्कारिक आहे. २००५मध्ये दिसलं ते असं: उंदराला आयुष्यात एकदाच दोन तास जखडलं, तर दुसऱ्या दिवशी अमिग्डलात काही फारसं हाती लागत नाही. दहा दिवसांनी पाहिलं तर फांद्यांची लांबी तीच, पण फांद्यांवरचे बारीक काटे, जिथे दुसऱ्या पेशीचा निरोप येऊन पोचतो ते, संख्येनं वाढलेले असतात. उंदराची धास्तीही याच दहा दिवसांत हळूहळू चढलेली असते. अपघातातून किंवा भूकंपातून वाचलेला माणूस पहिले काही दिवस खंबीर वाटतो आणि नातेवाईक निर्धास्त होतात, त्यानंतर काही आठवड्यांनी त्याची झोप उडते. उंदरावरून माणसावर इतकी उडी मारू नये, हे मला कळतं. पण ‘आता तर सगळं ठीक झालं होतं, मग आत्ताच का?’ असं कुणी विचारलं की ते काटे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

उडीवरून माझी साताऱ्याची मावशी आठवली. निवृत्त शिक्षिका, बोलायला फटकळ. तिनं एकदा सरळच विचारलं, “अगं, उंदराला कसलं आलंय डिप्रेशन? त्याला काय कर्ज फेडायचंय, का मुलीचं लग्न करायचंय?” मी म्हटलं, “मावशी, आम्ही त्याला डिप्रेशन आलं असं म्हणतच नाही.” तिला हे वकिली उत्तर वाटलं. पण आम्ही खरंच तसं म्हणत नाही, निदान म्हणू नये. उंदराला अपराधी वाटतं का, उद्या नकोसा होतो का, हे विचारायची सोय नाही. आम्ही पाहतो ते तुकडे. पिंजऱ्यात दोन बाटल्या लावायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. धडधाकट उंदीर साखरेकडे जातो. बरेच आठवडे ताणात राहिलेल्याला गोडाचं तितकं अप्रूप उरत नाही. किंवा जमिनीपासून उंच ठेवलेली अधिकच्या चिन्हासारखी पट्टी, दोन हात भिंतींनी बंद, दोन उघडे. पाच मिनिटांत तो उघड्यावर किती वेळ काढतो ते घड्याळ लावून पाहायचं. या दोन चाचण्यांवर माझा बराचसा विश्वास आहे. पाण्यानं भरलेल्या नळकांड्यात उंदीर सोडायचा आणि तो हातपाय मारणं थांबवतो तेव्हा त्यानं आशा सोडली असं मानायचं, ही पोर्सोल्ट यांची १९७७ची चाचणी मात्र मला कधीच पटली नाही. बाहेर पडायला वाट नाही हे ओळखून ताकद राखणारा उंदीर शहाणाही असू शकतो.

आणि हो, जखडण्याचं काम आम्हीच करतो. ते गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. समितीची परवानगी असते, संख्या आधी मंजूर करून घ्यावी लागते, तरीही पिशवीतला उंदीर थरथरतो तो हाताला कळतो.

माणसांवरचे पुरावे आले तेव्हा त्यांनी आमचीही थोडी जिरवली. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या आणि आघाताचे परिणाम भोगणाऱ्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान असतो, हे नव्वदच्या दशकात दिसलं होतं. उंदरांशी कसं छान जुळतं, असं सगळे म्हणाले. मग २००२मध्ये गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी अशा सैनिकांचे एकसारखे जुळे भाऊ शोधले, जे लढायला गेलेच नव्हते. त्या भावांचा हिप्पोकॅम्पसही लहान निघाला. म्हणजे युद्धानं तो लहान केला असं म्हणता येईना. निदान काही अंशी, लहान होता म्हणून युद्ध जास्त लागलं. ताणानं पेशी बदलतात हे उंदरात पक्कं आहे. पण एखाद्या माणसाचं स्कॅन पाहून त्यातला कुठला भाग आघाताचा आणि कुठला जन्माचा, हे वेगळं काढता येत नाही. व्याख्यान संपल्यावर कुणीतरी पालक एमआरआयची फाइल पुढे करून विचारतातच, “मॅडम, यात दिसतंय का बघा ना.” मी फाइल उघडत नाही. त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. ते मुलाशी बोलतात, आणि निदान त्या बोलण्यातूनच होतं.

माझी खरी चरफड दुसऱ्याच कारणासाठी आहे. नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं. वर सांगितलेले उंदीर नर आहेत. आमच्या क्षेत्राची कित्येक दशकं नरांवरच गेली, कारण मादीचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र आकडे बिघडवतं असा समज होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१६पासून दोन्ही लिंगांचा विचार करण्याचा आग्रह धरला, आणि हळूहळू सगळीकडेच वारं फिरलं. उशिरा का होईना, बरं झालं. पण काम सोपं राहिलं नाही. रोज सकाळी प्रत्येक मादीची तपासणी करून ती चक्राच्या चारांपैकी कुठल्या अवस्थेत आहे ते नोंदवायचं, आणि प्रत्येक अवस्थेत पुरेशा पेशी रंगायची वाट पाहायची. प्राण्यांच्या समितीला उंदीर कमी हवेत, अनुदान देणाऱ्यांना दोन्ही लिंगं हवीत आणि मला चारही अवस्थांतल्या माद्या हव्यात. या तिघांचं गणित जमवणारा अर्ज सध्या लिहितेय. समितीनं पहिला मसुदा परत पाठवताना समासात एवढंच विचारलंय, की इतक्या माद्या कशाला. उत्तरासाठी त्यांनी एकच परिच्छेद मोकळा सोडलाय.