दोनदां येणारी खूण

मोटारीच्या यंत्राविषयीं आम्हीं चार ओळी लिहाव्या, हें पाहून आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस हसूं येईल. ज्या माणसाचा जन्म शब्द चालविण्यांत गेला, त्याला इंजिन चालविण्यांतलें काय कळणार, असें ते म्हणतील; आणि तें खरेंहि आहे. आम्ही मॅट्रिक झालेले, संस्कृताच्या आधारावर शाळेंत चरितार्थ केलेले व आतां निवृत्त होऊन साठीपलीकडे गेलेले गृहस्थ. परंतु गेल्या वर्षीं आमच्या घरीं जो प्रकार घडला, त्यांत चूक आमची होती. आपली चूक दुसऱ्यानें सांगण्यापेक्षां आपणच सांगितलेली बरी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वडील बंधूंची अँबॅसडर मोटार १९७७ सालची. बंगालमधील उत्तरपाड्याच्या ज्या कारखान्यांत ती तयार झाली, तेथील उत्पादन २०१४ सालीं बंद पडलें. दादांनीं ती पोटाला चिमटा घेऊन घेतली होती. घरांतल्या बाळंतिणी तिच्यांतूनच घरीं आल्या, मुली तिच्यांतूनच सासरीं गेल्या. दादा वारले आणि मोटार अंगणांतल्या पत्र्याखालीं उभी राहिली. "आतां ती भंगारांत द्यावी, जागा तरी मोकळी होईल," असें घरांत दोघेतिघे बोलूं लागले.

वर्षश्राद्ध जवळ आलें, तेव्हां वहिनी एके दिवशीं सहज म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशीं ह्यांच्या गाडींतून वाडीला जाऊन यावें, असें मनांत आहे." वाडी म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी. आमच्या सांगलीहून ती फारशी दूर नाहीं. वर्षभरांत वहिनींनीं तोंड उघडून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. आम्हीं तत्काळ होकार दिला.

मोटार नीट करण्याचें काम दादांच्या धाकट्या मुलानें अंगावर घेतलें. हा मुलगा शाळेंत आमच्याच वर्गांत होता. संस्कृतांत तो दोनदां नापास झाला, पुढें कॉलेजहि अर्ध्यावर सोडलें, आणि आतां एका कारखान्यांत लेथवर काम करतो. "ह्याच्या हातून कांहीं धड व्हावयाचें नाहीं," असें मत आम्हीं फार पूर्वींच बनविलें होतें. व तें मनांतच ठेवण्याचें सौजन्यहि आम्हीं नेहमींच दाखविलें होतें असें नाहीं.

इंजिनाच्या कुशीला डिस्ट्रिब्यूटर नांवाचा एक भाग असतो. कॉईलमध्यें उत्पन्न होणारी प्रखर वीज तो चारी प्लगांना पाळीपाळीनें पोंचवितो. पंक्तींतला वाढपीच म्हणाना. मात्र ह्या पंक्तीचा क्रम सरळ नसून १-३-४-२ असा आहे. पुतण्यानें हा भाग साफ करण्याकरितां बाहेर काढला, आणि त्याच्या खालचा, त्यास फिरविणारा दातेरी दांडाहि तपासण्यासाठीं काढून घेतला. सर्व धुऊनपुसून पुन्हां बसवितांना पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, अगदीं वर आलेला असावा लागतो. तो वर आला हें ओळखण्यासाठीं इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एक खांच असते. ती आवरणावरच्या टोकासमोर आली कीं समजावें. ही जागा अगदीं खालीं, अडचणीची. म्हणून आम्ही गोणपाटावर आडवे होऊन बॅटरीच्या उजेडांत पाहत होतों व पुतण्या हँडल फिरवीत होता.

"आली खूण! बसव आतां," आम्ही म्हणालों.

"काका, नक्की ना?"

"अरे, खूण म्हणजे खूण. त्यांत नक्की काय नि अनक्की काय?"

त्यानें दांडा बसविला, डिस्ट्रिब्यूटर बसविला, तारा जोडल्या व सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलें, पण चालू होईना. मधूनच कार्बुरेटरमधून उलटा फटका येई आणि पुन्हां सर्व शांत.

त्यानें एकेक गोष्ट तपासली. पॉईंटांमधील फट पंधरा हजारांश इंच होती. प्लग बाहेर काढून पाहिला, तर ठिणगी लख्ख पडत होती. कार्बुरेटरमध्यें पेट्रोल होतें. तारांचा क्रम बरोबर होता. कंडेन्सर नवा घातला. दुसरा दिवसहि असाच गेला, बॅटरी उतरली, ती भारून आणली, तरी तोच फटका. श्राद्धाला तीन दिवस उरले.

त्या रात्रीं पानावर बसलों असतां कोणी तरी भंगारवाल्याचा विषय काढला, आणि आमचा तोल गेला. "बापानें चाळीस वर्षें सांभाळलेली वस्तु ह्याला चार दिवस सांभाळतां येईना," असें आम्ही सर्वांच्या देखत बोलून गेलों. पुतण्यानें भाताचा घांस तसाच ठेवला व तो उठला. वहिनी वाढीत होत्या. त्यांनीं भांडें खालीं ठेवलें आणि त्या आंत गेल्या. आम्हीं आपोष्णी घेतली, परंतु त्या रात्रीं झोंप कांहीं आली नाहीं.

सकाळीं अंगणांत आलों, तर पुतण्या आमच्या आधींच तेथें होता. त्यानें चारी प्लग व डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून ठेवलें होतें. आमच्याशीं तो बोलला नाहीं. आम्ही मुकाट्यानें गोणपाटावर आडवे झालों. आमची आठ वर्षांची नात वरून वांकून डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर फिरतांना पाहत होती. पुतण्या सावकाश हँडल फिरवूं लागला.

"खूण आली," आम्ही म्हणालों. थोड्या वेळानें पुन्हां म्हणालों, "आली."

नात म्हणाली, "आजोबा, तुमची खूण दोनदां आली; पण हा काळा तुकडा एकदांच फिरला!"

पुतण्याचा हात थांबला. आम्हीहि उठून बसलों.

इंजिनाच्या दट्ट्याचीं कामें चार: वायु व पेट्रोलचें मिश्रण आंत ओढणें, तें दाबणें, पेटलेल्या मिश्रणाच्या जोरानें खालीं जाणें, आणि उरलेला धूर बाहेर टाकणें. ह्या चार कामांत दट्ट्या दोनदां वर येतो, एकदां मिश्रण दाबून व एकदां धूर घालवून. पुलीवरची खूण दोन्ही वेळां तितक्याच चोखपणें समोर येते. परंतु ठिणगी हवी असते ती पहिल्या वेळीं, दुसऱ्या वेळीं नव्हे. डिस्ट्रिब्यूटर पुलीच्या दोन फेऱ्यांत एकच फेरा करतो तो ह्याचसाठीं. आम्हीं खूण सांगितली ती धूर घालविण्याच्या वेळची. त्यामुळें ठिणगी बरोबर अर्ध्या फेऱ्यानें चुकून, नवें मिश्रण आंत येण्याची झडप उघडत असतांना पडे, आणि ज्वाला कार्बुरेटरकडे उलटी धांवे. डिस्ट्रिब्यूटरच्या तळाची जीभ मध्यापासून किंचित् बाजूला असते, म्हणून तो स्वतः दांड्याच्या खांचेंत एकाच रीतीनें बसतो. नुसता तोच काढला असता, तर हा घोटाळा होता ना. पण खालचा दांडा मात्र अर्धा फेरा उलटा बसूं शकतो, आणि तसाच तो बसला होता.

तीस वर्षें आम्हीं मुलांना अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घरीं बसवून शिकविला. त्यांत सव्यभिचार हेतु म्हणून एक दोष सांगितला आहे. जी खूण साध्य असतें तेथेंहि सांपडते व नसतें तेथेंहि सांपडते, तिच्यावरून अनुमान करूं नये. त्याचें उदाहरण आम्ही आपल्या पदरचें देत असूं: "गळ्यांत जानवें आहे, म्हणून हा विद्वान्, असें म्हणूं नका; जानवें ठोंब्याच्याहि गळ्यांत असतें." मुलें हसत व आम्हीहि हसत असूं. आणि गोणपाटावर पडून "खूण म्हणजे खूण" असें बजावणारे तेहि आम्हीच!

पुतण्या म्हणाला, "काका, पहिल्या प्लगच्या भोंकावर आंगठा धरा." किल्ली बंदच होती. आम्हीं आंगठा घट्ट दाबून धरला. खूण एकदां आली. आंगठ्याला कांहीं कळलें नाहीं. दुसऱ्यांदा येऊं लागली, तशी आंतल्या हवेनें आंगठा बाहेर ढकलला. दाबण्याची वेळ ती हीच. रोटरचें तोंड पाहिलें, तर तें पहिल्या तारेकडे नसून समोरच्या चौथ्या तारेकडे होतें.

खात्री करून घेण्यासाठीं त्यानें झांकणावरची पहिली तार चौथीच्या जागीं व दुसरी तिसरीच्या जागीं अशी अदलाबदल केली, प्लग बसविले व सेल्फ मारला. इंजिन एकदां खोंकलें आणि चालू झालें. तो ओळखीचा आवाज ऐकून वहिनी ओल्या हातांनींच दारांत येऊन उभ्या राहिल्या.

"आतां असूं दे असेंच," आम्ही म्हणालों.

"नको काका. उद्यां दुसरा कोणी उघडील, तर तो फसेल." त्यानें सर्व पुन्हां उकललें, दांड्याच्या डोक्यांतील आट्यांत एक लांब बोल्ट फिरवून तो वर ओढला, सरळ करून बसविला व तारा मूळच्या जागीं नेल्या. एवढी दक्षता आम्हीं आमच्या पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्यांतहि क्वचितच पाहिली आहे.

त्या रात्रीं पान वाढलें, तेव्हां पहिला घांस घेण्यापूर्वीं आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं, चूक मुलाची नव्हती. खूण आम्हीं सांगितली होती, व शब्दहि आमचेच वावगे गेले. पुतण्या खालीं पाहून म्हणाला, "काका, आंगठा लावून मींहि बघायला हवें होतें." वहिनींनीं न विचारतां त्याच्या पानांत तूप वाढलें, आणि मग आमच्या.

श्राद्धाच्या दिवशीं मोटार पहिल्या झटक्यास चालू झाली. वहिनी पुढें, दादांच्या शेजारीं त्या बसत त्याच जागीं बसल्या. वाटभर कोणी फारसें बोललें नाहीं. घाटाच्या अलीकडे उतरतांना त्यांनीं मोटारीच्या दारावरून एकदां हात फिरविला.

मुलाच्या गुणपत्रिकेवर नापासाची खूण दोनदां आली होती. ती धडपणानें शिकूं न शकणाऱ्यावर येते, तशी आम्हांस शिकवितां न आलेल्यावरहि येते, हें आमच्या ध्यानांत यावयास इतकीं वर्षें लागलीं. भंगाराचा विषय घरांत पुन्हां निघाला नाहीं.