साठ शब्दांची मोजपट्टी

शासनाचे नवे निकष आले की शिक्षकाला धास्ती वाटते ती नव्या तक्त्यांची. १९९०च्या दशकात ‘किमान अध्ययन क्षमता’ आल्या, तेव्हाही नोंदवह्यांचा भार वाढलाच होता. ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, ९९९९पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात, ही त्यातील अपेक्षा. ती रास्तच आहे; गरिबाच्या लेकराला शाळेवाचून दुसरा आधार कोणता?

परंतु घरी कादोडी किंवा वारली बोलणारे मूल प्रमाण मराठी वाचताना अडखळते, तेव्हा त्याला मंद ठरविणे हा अन्याय होय. ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत पाऊल टाकीत असते. म्हणून आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंना मी विनंती केली : तक्ता मागण्याआधी वर्गात जाऊन बसा, शिक्षकांना एकमेकांचे पाठ पाहू द्या, अडखळणाऱ्या मुलासाठी रोज दहा मिनिटे राखून ठेवा.

अहवालात नव्व्याण्णव मुले ‘निपुण’ दिसली, तरी शंभराव्याचा शोध घेणे हेच मेंढपाळाचे काम. शिक्षकाचेही तेच.