घडणावळ

दागिना करायला टाकला की सोनार घडणावळ मागतो, आणि तोच दागिना मोडायला नेला की घडणावळीचे नावही काढत नाही, हा अनुभव कोणत्या मराठी घराला नाही? नोकरीची चार वर्षे मी बँकेच्या सोनेतारण खात्यावर काढली. आमचा पारखी दागिना हातात घेई, खडे आणि लाख यांचे वजन वजा करी, आणि उरलेल्या सोन्याचा आकडा सांगे. एखादी बाई नक्षीबद्दल बोलू लागली, की तो नम्रपणे म्हणे, "नक्षी तुमची, बाई. मी सोने बघतो."

हे वाक्य मला गेल्या उन्हाळ्यात आठवले ते इंग्लंडात, आणि तेही एका मोटारगाडीपाशी!

माझा मामेभाऊ तेथे डॉक्टर होता. आम्ही त्याला दादा म्हणत असू. ऑक्सफर्डच्या बाजूला त्याने सारी हयात इस्पितळात काढली, आणि त्या हयातीत एकच चैन केली: एमजीबी नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार. एमजी हे नाव 2019 पासून आपल्याही रस्त्यांवर दिसते. पण त्या गाड्या वेगळ्या. ही जुनी एमजीबी. घरापासून थोड्याच अंतरावर, अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात, 1962 ते 1980 पर्यंत ती तयार झाली; पाच लाखांहून अधिक. म्हणजे ती राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. शाळामास्तराने, डॉक्टराने, नव्याने लग्न झालेल्या कारकुनाने घ्यावी अशी. आणि म्हणूनच मोठी प्रेमाची. दादाची 1973 सालची. त्याने ती जुनी म्हणून घेतली, आणि मरेपर्यंत चालवली.

दादा गेल्यावर दोन वर्षे ती गॅरेजात उभी होती. वहिनींना मोटार चालवता येत नाही. पुतणी दूर एडिंबरोला. तेव्हा गाडी विकायची ठरली, आणि किंमत करण्यासाठी एक वृद्ध इंग्रज गृहस्थ आले. जुन्या गाड्या पारखण्यातच त्यांचे आयुष्य गेले होते.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडले, आणि ते लिहू लागले. दादाने गाडीत फेरफार केले होते. एक-दोन नव्हेत, निदान दहा. आजच्या भाषेत त्यांना 'अपग्रेड' म्हणतात. चार गिअरच्या जागी फोर्डच्या सिएरा गाडीतली पाच गिअरची पेटी. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंट्सऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. सीटमागे दडवलेल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी बारा व्होल्टची एक. स्टिअरिंग हलके करणारी विजेची मोटर. चालकाच्या बाजूची बैठक तर भलत्याच गाडीची. आणि रंग लाल!

"या सगळ्यावर त्यांचा किती खर्च झाला असेल!" पुतणी म्हणाली. "तो किमतीत धरला जाईल ना?"

गृहस्थ हसले नाहीत. खर्च किमतीत येत नसतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मला आमचा पारखी समोर उभा दिसला.

पण पुढचे त्यांचे विवेचन ऐकण्यासारखे होते. आपल्याकडे जुने लाकडी कपाट, जुना हार्मोनियम, फार काय आजोबांचे घरदेखील 'सुधारायचे' की नाही हा वाद घरोघर चालतो, आणि त्या वादाला उपयोगी पडेल असा एक हिशेब त्यांच्या बोलण्यात होता.

त्यांच्या मते फेरफार तीन जातींचे. पहिली जात निकडीची. ब्रिटनमध्ये 2000 सालच्या आरंभी शिसे घातलेले पेट्रोल बाजारातून गेले. जुन्या इंजिनांत त्या शिशाने व्हॉल्व्हच्या बैठकींचे रक्षण होत असे. ते गेल्यावर शहाण्या मालकांनी कठीण धातूच्या बैठकी बसवून घेतल्या, दादानेही घेतल्या. पुढे 2021 मध्ये दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले, आणि ते जुन्या रबरी नळ्यांना सोसेना, म्हणून नळ्या बदलल्या. आपल्याकडे वीस टक्क्यांचे पेट्रोल आल्यापासून जुन्या मोटारींच्या मालकांना ही कथा नवी नाही. असल्या बदलाने किंमत उतरत नाही. उलट तो केला नसेल तर गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठी पडते.

दुसरी जात सोयीची, पण परतीची वाट राखून केलेली. इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाखाली बसते, बाहेरून दिसतही नाही. दादाची गिअरपेटी गाडीचा पत्रा न कापता बसवली होती. असले बदल अर्ध्या-पाऊण दिवसात, फार तर दोन-तीन दिवसांत उलटे फिरवता येतात. मात्र एका अटीवर. काढलेले मूळ भाग जपून ठेवलेले हवेत. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिव्हा'ने, 2013 च्या आपल्या ट्यूरिन सनदेतही हाच विचार पुढे केला आहे: बदल करावाच लागला तर तो पूर्ववत करता येईल असा करावा.

तिसरी जात परत न फिरणारी. पत्रा कापला, चेसिसला छेद दिला, मूळ इंजिन विकून टाकले, की गाडीच्या पोटातली साक्षच गेली. ब्रिटिश कायदाही येथे डोळे उघडे ठेवतो. चाळीस वर्षांवरील गाडीला 2018 पासून तेथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही. पण गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा फेरफार झाला असेल, तर ती सवलतही नाही.

"मग बदलाने किंमत वाढतच नाही का?" मी विचारले.

वाढते, ते म्हणाले. पण सुधारणेलाही कुळ लागते. 1970 च्या सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या एका शर्यतपटूने एमजीबीच्या पोटात रोव्हरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायला सुरुवात केली. बाहेरच्या माणसाने केलेली ती ढवळाढवळच! पण ती इतकी साधली, की 1973 मध्ये खुद्द कारखान्याने तशी गाडी काढली. कारखान्याच्या त्या गाड्या 1976 पर्यंत 2,591 झाल्या, आणि कॉस्टेलोच्या हातच्या गाड्यांनाही आज शौकीन शोधत येतात. तीच कामगिरी एखाद्या अनामिकाने आपल्या परसात केली, तर तिच्याकडे संशयानेच पाहिले जाते. घडणावळ मिळते ती नावाला.

आता दादाच्या गाडीचे काय? गिअरपेटी, इग्निशन, स्टिअरिंग, बैठक यांनी फारसे बिघडले नव्हते, कारण माळ्यावर पाच खोकी निघाली. प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, वर चिठ्ठी चिकटवून ठेवलेला! खरा घाव होता तो रंगाचा. गेडनच्या मोटार संग्रहालयाकडून जुन्या एमजी गाड्यांचा जन्मदाखला मिळतो. इंजिनाचा क्रमांक, गाडी कधी बांधली, कोणता रंग दिला, सारे त्यात असते. दादाच्या दाखल्यावर रंग होता पिवळा, 'हार्वेस्ट गोल्ड'. आणि गाडी होती लाल. मूळ रंग पुन्हा द्यायचा तर गाडी पत्र्यापर्यंत सोलावी लागणार. त्याला येणारा खर्च वाढीव किमतीतून निघणार नाही, असे गृहस्थांनी स्पष्ट सांगितले.

"पण लाल रंग दिला कोणी, आणि कशाला?" पुतणी जराशी चिडून म्हणाली.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी आतून एक निळी वही आणली आणि माझ्या हाती दिली. "भाऊजी, तुम्हीच वाचा. माझा चष्मा सापडत नाही."

चष्मा गळ्यातच होता.

वहीत प्रत्येक दुरुस्तीची नोंद होती. तारीख, मैल, भागाचे नाव आणि पैसे इंग्रजीत; पण खाली एक ओळ मराठीत. ती ओळ कारणाची. इग्निशनखाली लिहिले होते, 'रात्रीचा कॉल आला आणि गाडी सुरू झाली नाही. पुन्हा असे होऊ देणार नाही.' गिअरपेटीखाली, 'लांबच्या प्रवासात इंजिन फार ओरडते. हिला डोके दुखते.' बैठकीखाली नुसते, 'कंबर'. स्टिअरिंगखाली, 'बोटे वळत नाहीत. गाडी सोडण्यापेक्षा हे बरे.' आणि रंगाखाली, 'चिमणीला लाल गाडी हवी. वय वर्षे पाच. वाद घालण्यात अर्थ नाही.'

चिमणीचे वय आज पन्नाशीच्या घरात आहे. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

पुढे दोन गिऱ्हाइके आली. पहिल्याने प्रत्येक फेरफारामागे थोडे थोडे कापून आकडा सांगितला. त्यात गैर काही नव्हते, तो व्यापार होता. दुसरा तरुण शिक्षक होता. त्याने खोकी पाहिली, मग वही चाळली, आणि त्या न समजणाऱ्या ओळींवर बोट ठेवून विचारले, हे काय? पुतणी अडखळत, अक्षरे लावत त्याला अर्थ सांगू लागली. अडेल तेथे मी होतोच. ते काम तासभर चालले. शेवटी त्याने पहिल्यापेक्षा बरा आकडा देऊ केला. गाडीत काय बदलले हे सगळेच सांगतात, का बदलले हे कोणी सांगत नाही, असे काहीसे तो म्हणाला. अशा गाडीचा पुढे भरवसा वाटतो, हा त्याचा व्यवहार होता. आणि तो मला पटला. लपवलेल्या बदलाला बाजार भितो. नीट लिहून ठेवलेल्या बदलाला थोडी का होईना, घडणावळ देतो.

मात्र त्याची एक अट होती. वही गाडीबरोबर हवी.

पुतणी चटकन म्हणाली, "आई, ती नको देऊस. बाबांचे अक्षर आहे. हवे तर पैसे कमी घेऊ."

वहिनींनी वही उघडली. शेवटच्या पानांवर बऱ्याच कोऱ्या रेघा शिल्लक होत्या. त्यांनी त्या पोराला दाखवल्या, आणि यापुढचे तू लिहीत जा, असे इंग्रजीत सांगितले. मग मुलीकडे वळून त्या मराठीत म्हणाल्या, "फोटो काढून घे हवे तर. पण ही वही गाडीची आहे."