मापाचा शब्द

मुद्रितशोधनाच्या दीर्घ व्यवसायात ज्या शब्दांनी माझा सर्वाधिक कालव्यय केला, ते तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतले नव्हेत. शेर, तोळा, मैल आणि किलो हेच ते होत. ‘अर्धा किलो साखर आणली’ या वाक्यात विशेषण पुल्लिंगी किलोची मर्जी राखते आणि क्रियापद स्त्रीलिंगी साखरेची. दोन यजमानांची ही चाकरी इतकी बिनबोभाट चालते की, कोणी ‘अर्धी किलो साखर’ असे लिहून धाडीपर्यंत ती ध्यानातही येत नाही. वचनाचा कारभार तर याहून लहरी. दीड तोळा, सव्वा तोळा, पण अडीच तोळे. आणि पावणेदोन हे प्रत्यक्षात दोनाहून उणे असूनही, केवळ नावात दोन आहे एवढ्या जोरावर ‘तोळे’ वसूल करून घेते.

संक्षेपाविषयी मी जुन्या मताचा आहे. मापांची आंतरराष्ट्रीय चिन्हे हे संक्षेप नव्हेत, म्हणून त्यांपुढे टिंब नको, हा नियम रोमन लिपीत मला मान्यच आहे. परंतु देवनागरीत ‘तेथून १० मी चाललो’ असे छापले, तर चालणारे दहा की चाल दहा मीटरांची, हा उलगडा वाचकाने कसा करावा? माझे टिंब कायम आहे.

१९५६च्या कायद्याबरहुकूम ऑक्टोबर १९५८पासून दशमान वजने बाजारात येऊ लागली, त्यानंतर पाककृतींच्या एका जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघावयाची होती आणि ‘शेरांचे किलो करा’ असा मला हुकूम झाला. तोळा ११.६६ ग्रॅमचा, ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम, असा हिशेब मांडून मी मजकुरातील ‘शेरभर तांदूळ’ मोठ्या निष्ठेने ‘९३३ ग्रॅम तांदूळ’ केले. आणि तो शेर वजनी नसून पायलीच्या चौथाईचा, मापी आहे, याची चौकशी करण्याचे मला सुचलेच नाही. वयोवृद्ध लेखिकाबाईंकडून खर्डा परत आला, तेव्हा त्या आकड्यावर तांबडी रेघ होती आणि समासात एवढेच लिहिले होते : ‘तांदूळ आम्ही मापतो, जोखत नाही.’